संपादक बाबासाहेब

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण नित्य वंदन करतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांच्यातील संपादकाचे स्मरण करू इच्छितो. पालघर-बोईसर परिसरातील आमची मुले-मुली अलीकडे पत्रकारितेच्या शिक्षणाविषयी विचारू लागली आहेत. त्यांच्यासाठी हे चरित्र मोलाचे आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव महाराज गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या विद्यापीठात पत्रकारितेचे विद्यालय आदल्याच वर्षी सुरू झाले होते. बाबासाहेबांनी मात्र अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहास यांचा अभ्यास केला. पुढे संपादकीय लिहिताना हीच शिदोरी त्यांच्या उपयोगी पडली.

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने या पत्राची जाहिरात छापण्यास नकार दिला. त्याच वर्षी बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी लंडनला गेले आणि काही काळाने ‘मूकनायक’ बंद पडले.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यावर उठलेल्या टीकेस उत्तर देण्यास स्वतःचे पत्र हवे होते. अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या वेळी संपादक स्वतः बाबासाहेब होते. उपजीविका आणि चळवळ सांभाळून, कसलाही मोबदला न घेता, ते रकानेच्या रकाने एकहाती लिहीत. परंतु वर्गणीदार पुरेसे मिळेनात, आणि १९२९ मध्ये हे पत्रही थांबले. बाबासाहेब थांबले नाहीत. १९२८ मध्ये ‘समता’, १९३० मध्ये ‘जनता’ अशी पत्रे निघाली. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज पत्रकारितेची दारे पुष्कळ मोकळी झाली आहेत. बारावीनंतर मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत जनसंवादाची पदवी घेता येते. पदवीनंतर मुंबई विद्यापीठ, पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट किंवा बाबासाहेबांच्याच नावाचे मराठवाडा विद्यापीठ येथे पुढील शिक्षण मिळते. बातमीदार, उपसंपादक, अनुवादक, छायाचित्रकार, आकाशवाणीतील निवेदक, जनसंपर्क अधिकारी असे अनेक मार्ग तेथून फुटतात.

तरीही एक गोष्ट आम्ही मुलांना आवर्जून सांगतो. पदवी नोकरीचे दार उघडते; लेखणीस वजन येते ते अभ्यासाने आणि सत्यनिष्ठेने. तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पासाठी उठलेली पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे, औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार, वारली पाडे, किनाऱ्यावरील मच्छीमार यांची बातमी बहुधा बाहेरचा माणूस येऊन लिहितो. ती इथल्या लेकरांनी लिहावी, कागदपत्रे तपासून लिहावी, आणि आपण मोठ्यांनी अशा पत्रांचे वर्गणीदार व्हावे. ‘बहिष्कृत भारत’ लेखणीअभावी थांबले नव्हते, हे आपण विसरू नये.

त्या थोर संपादकास आमचे विनम्र अभिवादन!