ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

मकरसंक्रांतीला पेडणे-डिचोलीत घरोघरी तिळगूळ वाटतात व सूर्य उत्तरेकडे वळला, असे आपण म्हणतो. वास्तविक सूर्य वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास. संक्रांत येते १४-१५ जानेवारीस. हे तेवीस-चोवीस दिवसांचे अंतर कोठून पडले? अशा प्रश्नांचा उलगडा करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

दापोली तालुक्यातील मुरूड या समुद्रकाठच्या गावी १८५३ साली त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकपलीकडे त्यांचे शिक्षण झाले नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा ठिकाणी त्यांनी शिक्षकाची नोकरी केली आणि ती सांभाळून जुन्या ज्योतिषग्रंथांचा व्यासंग केला.

पृथ्वीचा अक्ष आकाशात स्थिर नसतो. फिरता भोवरा जशी मान डोलावतो, तसा तो सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पुरा करतो. त्यामुळे संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. हेच अयनचलन. ते हिशेबात न घेतल्यास सण आणि ऋतू यांची फारकत होत जाते. म्हणून दीक्षितांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. लोकांनी ते स्वीकारले नाही. परंतु लोकमतासाठी त्यांनी आपले गणित बदलले नाही.

कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवतात, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. आज त्या पूर्वबिंदूच्या बऱ्याच उत्तरेस उगवतात. या फरकावरून दीक्षितांनी तो काळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा ठरविला. या निष्कर्षाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि ग्रंथातील वचनाला आकाशाची साक्ष काढण्याची त्यांची रीत आजही अनुकरणीय वाटते. १८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा थोर ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांनी, वयाच्या ४४ व्या वर्षी, ते पुण्यास निवर्तले.

आज शापोऱ्याहून निघालेली मच्छीमार नौका उपग्रहांच्या संकेतांवरून आपले स्थान जाणते. त्यासाठी पृथ्वी कोणत्या क्षणी किती फिरलेली असेल व तिचा अक्ष कोठे असेल, हे आगाऊ वर्तवावे लागते. विषुववृत्तावरील भूमी सेकंदाला सुमारे ४६५ मीटर सरकते. तेव्हा सेकंदाच्या हजाराव्या भागाची चूकही जवळजवळ अर्ध्या मीटरची ठरते. पृथ्वीची गती किंचित बदलत असल्याने ही भाकिते नव्या वेधांनी सतत सुधारावी लागतात.

गणित आकाशाशी जुळले नाही, तर आकाशाला दोष न देता गणित सुधारावे, हा धडा एका शाळामास्तरांनी घालून दिला. विद्यार्थिमित्रांनो, येत्या संक्रांतीस तिळगूळ घेताना त्यांचे स्मरण अवश्य करा.