‘पॅप’ चाचणीमागचा डॉक्टर

तुमच्या रिपोर्टवरचा ‘पॅप’ हा शब्द डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावावरून आला आहे. ते १८८३ मध्ये ग्रीसमध्ये जन्मले आणि १९१३ मध्ये अमेरिकेत गेले. तिथे संशोधनासाठी पत्नी अँड्रोमाकी यांनी अनेक वर्षे स्वतःचे नमुने दिले. योनीमार्गातील स्रावात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे त्यांनी १९२८ मध्ये मांडले. पण फारशी दखल घेतली गेली नाही. १९४१ च्या शोधनिबंधानंतर चित्र बदलले. १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्मिअरमध्ये पेशींतील बदल दिसतो. तो बदल वाढण्याचा धोका किती, याचा अंदाज आता एचपीव्ही चाचणी व पी१६/केआय-६७ या बायोमार्करवरून घेता येतो. सौम्य बदल बहुतेकदा आपोआप बरे होतात. त्यामुळे घाबरू नका, पण पुढची तपासणीही टाळू नका.