विश्लेषण : शेतातली माती पाहून पृथ्वीचे अफाट वय ओळखणारे जेम्स हटन कोण होते?

डोंगर, दऱ्या आणि मैदाने कशी तयार होतात, हे आज शाळेच्या भूगोलात शिकवले जाते. मात्र अठराव्या शतकातील युरोपात पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची असल्याचे मानले जात होते. आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलच्या आधारे पृथ्वीच्या निर्मितीचे वर्ष इसवी सनपूर्व ४००४ असे काढले होते. या समजाला धक्का दिला स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी.

डॉक्टर, उद्योजक की शेतकरी?

हटन यांचा जन्म १७२६ मध्ये एडिनबर्गला झाला. ते तीन वर्षांचे असतानाच व्यापारी वडिलांचे निधन झाले. १७४९ मध्ये त्यांनी नेदरलँड्समधील लायडन येथे वैद्यकीय पदवी मिळवली, पण डॉक्टरकी केली नाही. मित्रासोबत काजळीपासून नवसागर बनवण्याचा उद्योग त्यांनी उभारला आणि स्वतः वडिलोपार्जित शेती कसायला गेले.

शेतात कोणता प्रश्न पडला?

दर पावसात शेतातली माती ओढ्याला, तिथून नदीला आणि शेवटी समुद्राला मिळत होती. हे कायम सुरू असेल, तर जमीन केव्हाच सपाट व्हायला हवी होती. मग डोंगर शिल्लक कसे? हटन यांचे उत्तर असे : समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा खडक बनतो, पृथ्वीच्या पोटातील उष्णता त्याला वर उचलते आणि झीज पुन्हा सुरू होते. १७८५ मध्ये हा सिद्धान्त एडिनबर्गच्या रॉयल सोसायटीत मांडला गेला.

वाद कशावरून झाला?

जर्मनीचे अब्राहम वेर्नर यांच्या मते बेसॉल्ट आणि ग्रॅनाइटही आदिम महासागराच्या पाण्यातून साचले होते. हटन मात्र हे खडक वितळलेल्या रसापासून बनल्याचे सांगत. ग्लेन टिल्ट या दरीत त्यांना जुन्या खडकात घुसलेल्या ग्रॅनाइटच्या शिरा सापडल्या. पुढे त्यांचेच म्हणणे खरे ठरले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजेही थिजलेल्या लाव्हारसाचा बेसॉल्ट.

सिकर पॉइंटला काय दिसले?

१७८८ मध्ये जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल यांच्यासह हटन बोटीने या किनाऱ्यावर गेले. तिथे खाली जवळपास उभे थर होते आणि त्यांच्यावर तांबड्या वालुकाश्माचे किंचित कललेले थर. म्हणजे आधी गाळ साचला, खडक झाला, मुडपून उभा झाला, वर आला, झिजला आणि त्यावर पुन्हा नवा गाळ बसला. एवढ्या घडामोडींना सहा हजार वर्षे पुरणे शक्यच नव्हते. या दोन थरांमध्ये सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे अंतर असल्याचे आज मानले जाते.

मग श्रेय उशिरा का मिळाले?

हटन यांच्यावर नास्तिकतेचा आरोप झाला. १७९५ मध्ये आलेला त्यांचा ग्रंथ इतका क्लिष्ट होता की फार वाचला गेला नाही. १७९७ मध्ये त्यांचे निधन झाले. १८०२ मध्ये प्लेफेअर यांनी तोच सिद्धान्त सोप्या भाषेत मांडला. चार्ल्स लायेल यांनी तो पुढे नेला आणि लायेल यांचा ग्रंथ चार्ल्स डार्विन यांनी सागरसफरीत वाचला. सजीवांच्या उत्क्रांतीला लागणारा प्रदीर्घ काळ डार्विन यांना इथेच मिळाला.

हटन यांनी पृथ्वीचे वय आकड्यात सांगितले नाही. आज ते सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. मात्र आज डोळ्यांसमोर घडणाऱ्या झिजेवरून भूतकाळ वाचायची त्यांची पद्धत भूवैज्ञानिक अजूनही वापरतात.