पत कमावलेला माणूस : नाना शंकरशेट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे कमिटीने सांगितले तेव्हा मला नाना शंकरशेट आठवले. मी जन्मभर बँकेत कर्जदारांची पत तपासली. पण पत म्हणजे काय, हे या माणसाच्या चरित्रात दिसते तसे कुठल्या ताळेबंदात दिसले नाही.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 चा, मुरबाडचा. वडील मोठे व्यापारी. 1822 मध्ये ते वारले आणि पेढीचा भार ऐन तारुण्यात नानांवर आला. त्यांनी पेढीचे नाव असे वाढवले की अरब, अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकेऐवजी नानांकडे ठेवत. आम्हा बँकवाल्यांना हे जरा लागतेच!

दुसरा कोणी असता तर पैशाला पैसा जोडत बसला असता. नानांनी ही पत लोकांच्या कामी लावली. 1840 पासून सरकारी शिक्षण मंडळावर काम केले. 1849 मध्ये सनातन्यांचा रोष पत्करून मुलींच्या शाळेला वाड्यात जागा दिली. आपण रोज लोकलला लोंबकळतो ना, त्या रेल्वेच्या पायाभरणीतही ते होते. जीआयपी रेल्वेचे ते संचालक.

1852 मध्ये बॉम्बे असोसिएशन काढण्यात त्यांचा पुढाकार होता. कायदे करताना हिंदी माणसाला जागा हवी, असा अर्ज या संस्थेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे धाडला. पुढे 1857 च्या उठावात खुद्द नानांवरच सरकारचा संशय आला. जन्माची कमाई पणाला लागली. पण चौकशीत काही निघाले नाही आणि 1862 मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर घेतले. अर्जात मागितलेली जागा दहा वर्षांनी मिळाली.

31 जुलै 1865 रोजी नाना गेले. त्याच महिन्यात शेअर बाजार कोसळून मुंबईतल्या भल्याभल्यांचे दिवाळे वाजत होते. ती नावे आज कोणाला आठवतात? नानांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मात्र आमच्या पिढीतल्या प्रत्येक मॅट्रिकवाल्याला ठाऊक होती.

गावाला जाताना आपण शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून निर्धास्त जातो. नानांकडे ऐवज ठेवणाऱ्यांचा भरवसा याच जातीचा. पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीने रंगरंगोटी, लिफ्ट, पाण्याची टाकी असे बरेच काही केले. पण खरी शिल्लक या किल्लीची. ती पुढच्या पिढीच्या हाती जपून द्यावी, एवढेच.