सर सय्यद : घर सांभाळून दिलेली परीक्षा

वाचकहो, अलीगढच्या विद्यापीठाचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याचा पाया घालणाऱ्या सर सय्यद अहमद खान यांची तसबीरही आपल्या परिचयाची आहे : भरघोस पांढरी दाढी, गंभीर मुद्रा, छातीवर पदके. आज मात्र त्या वयोवृद्ध नेत्याची नव्हे, तर घरचा भार डोक्यावर घेऊन परीक्षेला बसलेल्या चोवीस वर्षांच्या एका कारकुनाची ओळख करून घेऊ या.

सय्यद अहमद यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत झाला. आजोबा ख्वाजा फरीदुद्दीन हे मोगल बादशहाचे वजीर होते. आई अजीजुन्निसा स्वतः मुलाचा धडा ऐकत. लहानपणी एका म्हाताऱ्या नोकरावर त्यांनी हात उगारला, तेव्हा या माउलीने मुलाला घराबाहेर काढले. नोकराची माफी मागितल्यावरच त्यांना घरात घेतले. अशा शिस्तीत वाढूनही त्यांचे शिक्षण मात्र अठरा-एकोणीसाव्या वर्षीच सुटले. १८३६ साली लग्न झाले.

१८३८ साली वडील वारले आणि किल्ल्यातून मिळणारे बहुतेक वेतन बंद झाले. घराण्याचे नाव मोठे, पण नावावर चूल पेटत नाही! नातेवाईकांची नाराजी पत्करून त्यांनी कंपनी सरकारची नोकरी धरली. कचेरीचे काम ते आपल्या एका नातलगाच्या हाताखाली शिकले. आधी दिल्लीत सदर अमीनच्या कचेरीत शिरस्तेदार आणि १८३९ पासून आग्र्यास कमिशनरच्या कचेरीत नायब मुन्शी, असे हे दिवस गेले.

मुन्सफ व्हायचे तर परीक्षा उत्तीर्ण होणे भाग होते. तयारीसाठी रजा घेऊन घरी बसण्याची ऐपत नव्हती, शिकवणीचे वर्गही नव्हते. मग त्यांनी काय केले? रोज हाताखालून जाणाऱ्या कागदपत्रांनाच त्यांनी गुरू केले. दिवाणी कायद्याचे विखुरलेले नियम गोळा करून त्यांचा सुटसुटीत सारांश लिहून काढला. लिहिता लिहिता कायदा पाठ झाला, आणि परीक्षाही सुटली. डिसेंबर १८४१ मध्ये ते मैनपुरीस मुन्सफ झाले, तेथून लगेच फतेहपूर सिक्रीस गेले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्या. परीक्षा झाल्यावर त्यांनी ती टिपणे पेटीत बंद करून ठेवली नाहीत. तो सारांश ‘इंतिखाबुल अखवैन’, म्हणजे ‘दोन भावांची निवड’, या नावाने मुन्सफीच्या इतर उमेदवारांच्या उपयोगी पडला. पुढे अलीगढला जे घडले, त्याचे बीज आपल्याला येथेच दिसते.

१८४५ साली थोरला भाऊ ऐन तारुण्यात वारला. आईजवळ राहावे म्हणून सय्यद अहमद १८४६ मध्ये दिल्लीस बदली घेऊन आले. आता भावाच्या कुटुंबाचाही भार त्यांच्यावर आला. पगार आईच्या हाती देऊन स्वतः किरकोळ खर्चापुरते पैसे ते तिच्याकडूनच घेत. तरीही याच वर्षांत मुन्सफपदावरचा हा गृहस्थ पुन्हा मौलवींपुढे शिकायला बसला. फावल्या वेळी दिल्लीच्या जुन्या इमारतींची मोजमापे घेतली. कुतुबमिनारावरचे उंच लेख वाचण्यासाठी तर ते टोपलीत बसून वर लटकत. त्यातून १८४७ साली ‘आसारुस्सनादीद’ हा ग्रंथ निघाला.

१८६१ साली पत्नी निवर्तली. त्यांनी दुसरे लग्न केले नाही, तीन मुलांना वाढवले. १८६९ मध्ये मुलगा महमूद याला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा घर गहाण ठेवून तेही त्याच्याबरोबर विलायतेस गेले. महमूद बॅरिस्टर होऊन परतले आणि पुढे अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. वडिलांनी १८७५ साली अलीगढला शाळा काढली, तिचे दोन वर्षांत कॉलेज झाले. २७ मार्च १८९८ रोजी सर सय्यद यांचे निधन झाले. १९२० मध्ये त्या कॉलेजचे विद्यापीठ झाले.

एक उणीवही सांगितली पाहिजे. शिकलेल्या आईने घडवलेल्या या पुरुषाच्या कॉलेजात मुलींना जागा नव्हती. अलीगढमध्ये मुलींची शाळा १९०६ साली शेख अब्दुल्ला यांनी काढली.

पालकहो, नोकरी, मुले, म्हाताऱ्या आईचे दुखणे, हे सारे तुमच्याही घरी आहे. खात्याची परीक्षा, बी.एड., वकिलीची सनद हे पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणता म्हणता वर्षे निघून जातात. घरचा भार उतरण्याची वाट सय्यद अहमद पाहत बसले असते, तर तो दिवस त्यांच्या आयुष्यात कधी उजाडलाच नसता. आज रात्री सर्व निजल्यावर एक तास दिवा जळू द्या. घरातल्या सुनेला किंवा मुलीला परीक्षा द्यायची असेल, तर तो तास तिला मिळेल हे तुम्ही पाहा. आणि उत्तीर्ण झालात, की आपली वही शेजारच्या उमेदवाराला द्यायला विसरू नका.