तिकिटावरची गुराब

पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद मला शाळेत असताना लागला. पाकिटाचा तुकडा पाण्यात भिजवायचा, तिकीट अलगद सोडवायचे आणि जुन्या वहीत दाबून ठेवायचे. या नादात लायबेरियाचे पाणघोडेसुद्धा माझ्या अल्बमात येऊन बसले. पण ज्या अलिबागच्या किनाऱ्यावर मी वाढलो, तो मात्र त्यात नव्हता. एप्रिल १९९९ मध्ये टपाल खात्याने कान्होजी आंग्र्यांच्या गुराबेचे तिकीट काढले. ते घेऊन घरी आलो, तर कान्होजी चाचे होते का, असे धाकट्या मुलीने विचारले. कुठल्याशा पुस्तकात तिने तसे वाचले होते. मला राग आला, पण प्रश्न टाळण्यासारखा नव्हता.

कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. पडत्या काळात सुवर्णदुर्ग राखून कान्होजींनी नाव मिळवले, पुढे सरखेल झाले आणि कुलाब्याला ठाण मांडून बसले. ताराबाईंच्या बाजूने लढताना १७१३ मध्ये त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले. मग बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहूंकडे वळवले. सरखेली आणि किल्ले मात्र कान्होजींकडेच राहिले.

आता चाचेगिरीचे. कान्होजींच्या पाण्यातून जायचे तर पैसे भरून त्यांचे दस्तक घ्यावे लागे. नसेल तर जहाज धरले जाई. पोर्तुगीजही असेच परवाने देत, त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. तिकिटे जमवणाऱ्याला ही गोष्ट चटकन उमगते. पैसे भरल्याची खूण असलेला एक कागद, आणि तो देण्याचा हक्क कोणाचा, एवढाच वाद! इंग्रजांना तो हक्क कान्होजींचा म्हणून मान्य नव्हता. गरीब व्यापाऱ्यांना या आरमाराचा जाच झालाच नसेल, असे मात्र मी म्हणणार नाही.

गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, उथळ पाण्यात चालणारी, नाळेवर तोफा असलेली. शत्रूच्या मागच्या बाजूने येऊन डोलकाठ्यांवर मारा करायचा, आणि जहाज लंगडे झाले की गलबतांतून माणसे वर चढवायची. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचे खास जहाजच असे हाती लागले. त्यावरचा कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला. त्याची तरुण विधवा खंडणी घेऊन सुखरूप परत पाठवली गेली.

गव्हर्नर बून यांनी १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये विजयदुर्गावर मोहिमा धाडल्या. दोन्ही फसल्या. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. बाजीराव घोडदळ घेऊन कान्होजींच्या मदतीला धावले, पोर्तुगीजांनी परस्पर तह केला आणि इंग्रज हात हलवत परतले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. मुलांत भांडणे लागली, दौलत वाटली गेली. १७५६ मध्ये विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला खुद्द पेशवे होते. हे मुलीला सांगताना माझा आवाज खाली गेला.

ज्या बाँबे कॅसलमधून कंपनीचा कारभार चाले, तिथल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून आयएनएस आंग्रे असे नाव आहे. मुलीने अल्बमचे कोरे पान काढले, तिकीट मधोमध बसवले आणि वर पेन्सिलीने सरखेल एवढेच लिहिले.