धर्मानंद कोसंबी

धर्मानंद दामोदर कोसंबी (९ ऑक्टोबर १८७६ – ४ जून १९४७) हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे अभ्यासक आणि मराठी लेखक होते. त्यांचा जन्म गोव्यातील साखवाळ येथे झाला. प्रापंचिक जीवनात त्यांना समाधान लाभत नव्हते. मराठी मासिकातील बुद्धचरित्र वाचून दुःखाचे मूळ व त्याचा अंत जाणण्याची ओढ लागली आणि १८९९ मध्ये पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा खडतर प्रवास करून ते श्रीलंकेस पोहोचले व तेथे १९०२ मध्ये त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. वृद्ध, रोगी व मृत माणसे पाहून बुद्धांनी गृहत्याग केला, ही कथा त्यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात नाकारली. शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह हे त्यामागील कारण होय, असे प्रतिपादन केले. उत्तरायुष्यात व्याधींनी जर्जर झाल्यावर सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी शांतपणे देह ठेवला. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर कोसंबी हे त्यांचे पुत्र होत.